ओसरीवरचा टीव्ही

दिग्रसला आमच्या मोहल्ल्यात टीव्ही नव्हता. पलीकडच्या गल्लीत एका काकूंकडे होता. १९८८ साली ‘महाभारत’ सुरू झालं आणि अम्मी दर रविवारी आम्हाला धुतलेले कपडे घालून तिकडे पाठवू लागली. संवाद राही मासूम रझांचे, हे काकूच कौतुकानं सांगायच्या.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं तीच मालिका पुन्हा दाखवली. आता घरोघरी टीव्ही, दारं बंद. हवेत रेंगाळणारे बाण पाहून हसू आलं, तरी डोळे भरले. ओढ होती ती त्या ओसरीची.

पण ओसरीवर आम्ही दाराशीच बसायचो. कुणी बसवलं नव्हतं, आपसूक बसायचो. मुलांना ते दिवस सांगताना एवढंच मी गाळतो. हे खोटं बोलणं झालं का?