अक्षरांचे ऋण

उज्जयिनीच्या राम घाटावर क्षिप्रास्नान आटोपून आम्ही वर आलो, तेव्हा पायरीवर एक वृद्ध मराठी उपाध्याय सुट्या पानांची पोथी वाचीत बसले होते. मुखपृष्ठावर ‘निर्णयसागर, मुंबई’ असे छापलेले. कागद पिवळा पडलेला, पण अक्षर असे ठसठशीत की चष्म्यावाचून वाचावे. ‘हे टाईप कोणी कापले, ठाऊक आहे का?’ आम्ही विचारले. ‘छापखान्यात झाले असतील,’ ते म्हणाले.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये तो छापखाना काढला. त्याची अक्षरे घडविण्यात राणोजी रावजी आरूंचा हात होता. जावजींचे नाव सर्वतोमुखी झाले. आरूंचे नाव मुद्रणाचा इतिहास चाळणाऱ्यांनाच ठाऊक. याच उज्जयिनीत महाकालाचे देवालय राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले, हे मात्र आपण अभिमानाने सांगतो. दगड रचणाऱ्याला एक न्याय आणि अक्षर रचणाऱ्याला दुसरा, असे का असावे?

कायदाही येथे अडखळतो. १९५७ च्या आपल्या कायद्याने ग्रंथाला व चित्राला स्वामित्वहक्क दिला. पण मुद्राक्षरांचा आकार ही कलाकृती नव्हे, असे स्वामित्वहक्क मंडळाने २००२ मध्ये ठरविले. संगणकावरील फाँट ही आज्ञावली असल्याने तिची नक्कल करता येत नाही. तोच आकार नव्याने रेखाटून घेणाऱ्याला अडविणे मात्र कठीण. याच हेतूने १९७३ मध्ये व्हिएन्ना येथे झालेला करार तर पुरेशा राष्ट्रांच्या मान्यतेअभावी अमलातच आला नाही.

अक्षर सर्वांचे, त्यावर मालकी कसली, असा आक्षेप येतो. तो खराही आहे. ‘अ’ कोणाचाच नाही. पण त्याचा काना किती जाड असावा, जोडाक्षर कोठे सांधावे, हे ज्याने महिनोन्महिने घोटले, त्या श्रमाचे काय? ज्याने घाट बांधला त्याने नदी विकत घेतली, असे कोणी म्हणत नाही. पायऱ्या मात्र त्याच्याच. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेने ‘मुक्ता’, ‘बालू’ ही अक्षरे सर्वांस विनामूल्य खुली केली. ते दान होय, कारण देणाऱ्याने ते दिले.

आमचे तसे नव्हते. देवस्थानच्या मागील स्मरणिकेसाठी एका उत्साही मुलाने एक सुरेख फाँट ‘कोठून तरी’ आणला. आम्ही चौकशी केली नाही. कागदवाल्याचे, छापखान्याचे, बांधणीवाल्याचे, सर्वांचे पैसे चुकते केले. आता दुसरी आवृत्ती निघायची आहे. तो फाँट कोणाचा, याचा शोध आम्ही सुरू केला आहे.