मजुराची छबी कोणाची?

मजूर आपल्या कामात गुंतलेला असता त्याचा फोटो काढणे म्हणजे त्याच्या श्रमास मान देणे, की त्याच्यापासून आणखी एक वस्तू उचलून नेणे? हा प्रश्न वरवर पाहता शहरातील चित्रकारांचा व वर्तमानपत्रकारांचा वाटेल. परंतु वाचकहो, कॅमेऱ्यापुढे सापडतात ती माणसे बहुतकरून आमच्या तुमच्या गावांतली असतात. हदगाव तालुक्यात कपाशीची बोंडे फुटली म्हणजे बाया कमरेस ओटी बांधून सकाळीच रानात जातात. सडकेने जाणारा कोणी पाहुणा गाडी थांबवून बांधावर येतो, दोनचार फोटो घेतो व निघून जातो. आता तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या फोटोचे पुढे काय झाले हे वेचणाऱ्या बाईस कळत नाही.

कोणी म्हणेल, यात तिचे काय गेले? थोडे गेलेच. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, ऊसतोडीची टनावर, विटांची हजारावर. हात थांबला की मजुरी थांबली. शिवाय लग्नकार्यात फोटो काढावयाचा असता तर तीच बाई नवे लुगडे नेसून, केस विंचरून, मुलाबाळांसह उभी राहिली असती. आपण जगास कसे दिसावे हे ठरविण्याची ही लहानशी सत्ता गरिबाजवळ असते, आणि न विचारता घेतलेल्या फोटोने तीही जाते.

तथापि फोटो काढूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. न दिसणाऱ्या श्रमावर अन्याय करणे फार सोपे असते. अकोल्यास १९६६ साली जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षे काढिले. गटारात उतरलेला, उकिरड्यात हात घातलेला माणूस त्यांनी मुंबईकरांपुढे आणिला. हे कामगार बहुतेक दलित समाजातले. त्यांच्या श्रमावर नगर स्वच्छ राहते आणि नगर त्यांस ओळखत नाही. हे फोटो २०१३ साली पुस्तकरूपाने निघाले. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा नवा कायदाही त्याच साली झाला. कायद्यानंतरही गटारांत माणसे मरत आली आहेत, म्हणून अशा फोटोंचे काम संपले असे कोणी समजू नये.

तर मग भेद कशाने करावा? आमच्या मते फोटोखाली काय लिहिले आहे आणि तो कोणापुढे ठेविला आहे, यावरून. अमेरिकेतील लुईस हाईन यांस १९०८ साली बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या समितीने गिरण्यांतील व खाणींतील मुलांचे फोटो काढण्यास नेमिले. ते नुसते चित्र घेऊन परतत नसत. मुलाचे नाव, वय, काम जमेल तसे टिपून घेत. उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून पाहत. याच्या उलट, दुष्काळाच्या काळी मिशनांच्या अहवालांतून उपाशी माणसांचे फोटो छापून परदेशांत मदत मागितली गेली. मदत आली, पोटे भरली, हे आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. पण त्या फोटोंखाली त्या माणसांची नावे क्वचितच आढळतात. मदतीस पात्र ठरण्याकरिता त्यांस नावाची गरज पडली नाही, हे आम्हांस बोचते.

पी. साईनाथ यांचे उदाहरण याहून जवळचे आहे. त्यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत खेड्यांतील श्रमिक स्त्रियांचे कृष्णधवल फोटो काढिले. त्यांपैकी एकाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. एक शेतमालक कॅमेऱ्यासमोर ताठ उभा राहिला. मागे नऊ बाया कमरेत वाकून भाताची लावणी करीत होत्या. दिवसाला ४० रुपये देतो, असे तो म्हणाला. २५च मिळाले, असे बायांनी मागून सांगितले. नुसत्या फोटोत मालक दयाळू दिसला असता. मागून विचारलेल्या एका प्रश्नाने सत्य बाहेर आले. आणि हे फोटो साईनाथांनी केवळ शहरी दालनांत टांगिले नाहीत. बसस्थानकांवर, कारखान्यांत, शेतमजुरांच्या सभांत मांडिले. ज्यांचे श्रम, त्यांच्याच डोळ्यांपुढे ते गेले.

आता रंगाविषयी. पूर्वी काळ्यापांढऱ्यावाचून गत्यंतर नव्हते. आता ती निवड आहे. रंग काढला की दृष्टी तांबड्या लुगड्यावरून वाकलेल्या पाठीकडे, हातांच्या शिरांकडे वळते, हा लाभ खरा. परंतु गटाराची घाणही त्यात सुंदर दिसू लागते, भट्टीचा धूर मेघासारखा भासतो. हळद शिजविणाऱ्याचे पिवळे हात आणि कोळसा उचलणाऱ्याचे काळे हात एकसारखे करडे होतात. शिवाय असा फोटो पाहणाऱ्यास वाटते की हे सारे आजोबांच्या काळचे आहे. यास्तव काळ्यापांढऱ्या फोटोखाली तर साल, गाव व मजुरीचा दर लिहिलेलाच बरा.

चित्र काढणारे एक अडचण सांगतात: विचारावयास गेलो की मजूर काम टाकून ताठ उभा राहतो आणि कामाचे खरे रूप जाते. अडचण खरी, पण ती घाईची आहे. दुपारी बाया झाडाखाली भाकर सोडतात तेव्हा जाऊन बसावे, नाव सांगावे, नाव पुसावे, मजुरी पुसावी. कोणी नको म्हटले तर तिला वगळावे. भाकर झाली की त्या पुन्हा ओळीने पाती धरतात, आणि थोड्या वेळाने कॅमेऱ्याकडे पाहावयास कोणास सवड राहत नाही. पाहुणा असा बसला, तर आमच्या गावच्या प्रचारक बंधूंनी त्याच्याजवळ पत्ता लिहून द्यावा आणि एक प्रत मागून घ्यावी. टपालास फार खर्च येत नाही.