आतला आवाज ऐकू या

आपल्या प्रत्येकाच्या आत एक शांत आवाज आहे. रागाच्या भरात मोबाईलवर मेसेज लिहून होतो आणि पाठवण्याआधी आतून कोणीतरी म्हणते, 'थांब.' दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले, की आत कुठेतरी टोचते. आपल्याला ते कळते. पण लगेच मन वकिली सुरू करते आणि तो आवाज दबून जातो.

मग आत जे जे उठते, ती सगळी अंतःप्रेरणाच का? नाही. भीतीही बोलते, इच्छाही बोलते. ओळखायचे कसे? भीती घाई करते, इच्छा सबबी सांगते. अंतरात्मा मोजकेच बोलतो आणि बहुधा आपल्या सोयीचे बोलत नाही.

१९३३ मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात महात्मा गांधींना रात्री असाच आवाज ऐकू आला. अस्पृश्यता निवारणासाठी ८ मेपासून त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. जवळच्यांनी विनवण्या केल्या, तरी ते ढळले नाहीत. मात्र हा आवाज ऐकण्यासाठी आधी संयमाची साधना हवी, असे ते मानत.

म्हणून रोज झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा. आज आतून 'थांब' असे कुठे जाणवले आणि आपण काय केले, हे प्रामाणिकपणे पाहा. कोणाची क्षमा मागायची राहिली असेल, तर उद्याचा पहिला फोन त्यांनाच करा. आतला आवाज पाळला, की पुढच्या वेळी तो अधिक स्पष्ट ऐकू येतो.