धोट्याचा विटाळ

गिरणीच्या साच्याला जात नसते, असें आपण सहज म्हणतों. तें खरेंही आहे. पण साच्यापुढें कोणाला उभें राहूं द्यावयाचें, हें ठरविणाऱ्या माणसांना ती असते.

परळ-लालबागच्या गिरण्यांत कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें आलीं. त्यांतील ज्यांना अस्पृश्य मानीत, त्यांना बहुधा रिंगखात्यांत घेत. अधिक मजुरीचें साचेखातें त्यांना बंद असे. कसबाचा प्रश्नच नव्हता. विदर्भांतील कित्येक महार कुटुंबांत तर हातमागावर कापड विणण्याची जुनी परंपरा होती. कारण सांगत तें धोट्याचें. कांडी संपली म्हणजे नवी घालून सुताचें टोंक धोट्याच्या भोंकांतून तोंडानें ओढून घ्यावयाचें, अशी रीत होती. एका विणकराचें उष्टें दुसऱ्याच्या तोंडीं जाई. लँकाशायरमध्येंही विणकर असेंच सूत ओढीत; तिकडे ह्या रीतीला विरोध झाला तो रोगाच्या भीतीनें. आमच्याकडे इतरांचें उष्टें चाले, रोगही चाले. ह्यांचा ओठ तेवढा चालत नसे!

१९२८ च्या मोठ्या गिरणीसंपांत डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढाऱ्यांपुढें ठेवला. त्यांच्या आग्रहामुळें तो मागण्यांत आला; पण हा अन्याय आम्हीं केलेला नव्हे, असें म्हणून मालकांनीं हात झटकले. ह्या उत्तरांत तथ्य नव्हतें असें नाहीं. बंदी सोबतच्या कामगारांच्या मनांत होती, आणि भरती जॉबरच्या हातीं. परंतु जो मजुरी ठरवितो, वेळ ठरवितो, दंड बसवितो, त्याला एवढेंच ठरवितां येऊं नये, हें कोणीं मानावें? सूत आपोआप ओंवून घेणारा धोटा तर १८९४ च्या सुमारास अमेरिकेंत नॉर्थ्रॉपच्या मागाबरोबर आलाच होता. संघटनेची अडचण त्या मानानें खरी होती. ज्यांचा विटाळ मोडावयाचा, त्यांच्याच बळावर तिला लढावयाचें होतें. पण ज्याची मजुरी बुडते, त्यानें ही अडचण किती वर्षें समजून घ्यावी?

१९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या, धोटेही गेले. कचेऱ्यांतून मात्र एक वाक्य अद्याप कानीं येतें: ‘आमचें कांहीं नाहीं हो, बाकीच्यांना रुचणार नाहीं.’ त्या बाकीच्यांना कोणीं विचारलें होतें काय, ही चौकशी सहसा होत नाहीं.