एकट्याच्या खांद्यावरचे ओझे

चर्चची घंटा दर रविवारी वेळेवर वाजते, तोवर ती कोण वाजवतो हे आपण विचारीत नाही. एखाद्या रविवारी ती वाजली नाही, म्हणजे मात्र चौकशी सुरू होते. आणि चौकशीत पहिला सूर बहुधा तक्रारीचाच असतो. सर्वांच्या उपयोगाचे काम पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगावर पडलेले असते. तो करतो म्हणून ते चालते, आणि चालते म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अशा माणसाचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यासाठी जी हकीकत सांगणार आहोत ती संगणकाच्या जगातली आहे. परंतु ज्यांस संगणकाचे काही कळत नाही त्यांनी पान उलटू नये, कारण हकीकत शेवटी माणसांचीच आहे.

लिनक्स हे नाव काही वाचकांनी ऐकले असेल. १९९१ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाचा कारभार पाहणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगापुढे उघडा ठेवला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या नावाने अशीच मुक्त प्रणाली उभी करण्याचा संकल्प जाहीर केला होता. १९९२ साली लिनक्सचा गाभा ग्नूच्या परवान्याखाली आला. त्या परवान्याचे सार असे : हे कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे व इतरांस द्यावे, मात्र बदललेले दुसऱ्यास देताना त्यालाही तीच मोकळीक द्यावी. आज जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालते, आणि अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हा बेळगावात असो, इंदुरात असो की बडोद्यात, ज्याच्या खिशात असा फोन आहे त्याने लिनक्सचे नाव ऐकले नसले तरी त्याचे मीठ खाल्ले आहे.

या गाभ्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्राम असतात. काही मोठ्या कंपन्या सांभाळतात. पुष्कळसे मात्र एखादाच माणूस आपल्या फावल्या वेळात सांभाळतो. अशा माणसास मेंटेनर म्हणतात. कोणी चूक कळवली तर ती तपासणे, कोणी दुरुस्ती पाठवली तर ती पारखून घेणे, आणि वेळोवेळी नवी आवृत्ती काढणे हे त्याचे काम. वापरणाऱ्याच्या पडद्यावर ‘अपडेट आले आहे’ एवढेच शब्द उमटतात. त्यामागे कोणाच्या किती रात्री गेल्या हे तेथे लिहिलेले नसते.

असाच एक प्रोग्राम आहे एक्सझेड. मोठी फाईल दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. परंतु लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रणालीत तो असतो. फिनलंडचे लासे कोलिन यांनी तो वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळला. २०२१ साली ‘जिया तान’ या नावाने कोणी एक जण त्यांना दुरुस्त्या पाठवू लागला. काम चांगले होते, बोलणे नम्र होते. २०२२ साली दुसऱ्या काही नावांनी तक्रारींची पत्रे येऊ लागली : कामाला उशीर का होतो? जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती का देत नाही? कोलिन यांनी उत्तरात सांगितले की, मनाच्या दीर्घ अस्वास्थ्यामुळे आपली शक्ती मर्यादित आहे, आणि हे काम आपण वेतनाशिवाय, छंद म्हणून करतो हेही लोकांनी ध्यानात घ्यावे. त्यावरही तगादा थांबला नाही. शेवटी जिया तानच्या हाती कामाचा मोठा वाटा आला, आणि २०२३ च्या आरंभापासून नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकारही आला.

२०२४ च्या फेब्रुवारीत आवृत्ती ५.६.० निघाली, मार्चमध्ये ५.६.१. या दोन्हींत एक गुप्त दार बसवलेले होते. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी जगभर एसएसएच नावाचा प्रोग्राम वापरतात. डेबियन, फेडोरा इत्यादी प्रणालींत तो एका मधल्या दुव्यामुळे एक्सझेडच्या एका भागावर टेकलेला होता. ज्याच्याजवळ विशिष्ट किल्ली असेल, त्याला त्या गुप्त दाराने परक्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालवता आली असती. विष ठेवले होते तपासणीसाठी म्हणून जोडलेल्या नमुन्याच्या फायलींत. आणि ते विष जागे करणारी ओळ सर्वांस पाहण्यासाठी ठेवलेल्या संहितेत नव्हतीच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी घातलेली होती. लोकांस दाखवले एक, आणि हाती दिले दुसरे.

हे पकडले अँड्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीस असून पोस्टग्रेस नावाच्या मुक्त प्रणालीवर काम करतात. एक्सझेड सांभाळणे हे त्यांचे काम नव्हते. वेगाच्या काही चाचण्या घेत असता त्यांना दिसले की, यंत्रात शिरताना पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कोणी असता तर चहाचा घोट घेऊन पुढे गेला असता. त्यांनी तसे केले नाही; धागा धरून ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व जगास सावध केले. त्या वर्षीचा तो उत्तम शुक्रवार होता. सुट्टीच्या त्या दिवसांत ठिकठिकाणचे लोक कामाला लागले. डेबियनने लगोलग जुनी, निर्दोष आवृत्ती परत आणली. कोलिन यांनी प्रकल्प पुन्हा हाती घेतला, सर्व तपासले, आणि २९ मे रोजी शुद्ध केलेली ५.६.२ ही आवृत्ती काढली. जिया तान म्हणजे कोण, एक माणूस की टोळी, हे जगापुढे आलेले नाही. तक्रारीची पत्रे लिहिणारी ती नावेही त्याच कटातली असावीत, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

येथवर हकीकत झाली. आता तिच्यातून काय घ्यावयाचे?

कोणी म्हणेल, ‘पाहा, परक्यावर विश्वास ठेवला की असे होते. यापुढे अनोळखी माणसाला हात लावू देऊ नये.’ हे बोलणे शहाणपणाचे वाटते, पण खरे म्हणून टिकत नाही. लिनक्स उभेच राहिले आहे ते अनोळखी हातांनी. टोरवाल्ड्स यांस ज्यांनी पहिल्या दुरुस्त्या पाठवल्या, ते त्यांचे शेजारी नव्हते की सोयरे नव्हते. एका खोट्याच्या भयाने दार लावून घेतले, तर शंभर खरे बाहेरच राहतील, आणि आतला एकटा माणूस आणखी एकटा होईल. शिवाय, कोलिन यांनी डोळे मिटून किल्ली दिली असेही नाही. वर्ष-दीड वर्ष त्यांनी काम पाहिले, आणि काम खरोखरच चांगले होते. कोणत्याही मंडळीने दोन वर्षे मनापासून झटणाऱ्या तरुणास संडेस्कूलचा एक वर्ग दिला असता. त्यात कोलिन यांस दोष देणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, ‘सर्व उघडे ठेवण्याचेच हे फळ.’ उलटपक्षी, मुक्त पद्धतीचे कैवारी म्हणतील, ‘उघडे होते म्हणूनच सापडले.’ दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे. फ्रॉइंड यांना मुळापर्यंत जाता आले ते संहिता उघडी होती म्हणून, हे निश्चित. परंतु वस्तू उघडी असली म्हणजे ती कोणी पाहतोच असे नाही. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ या नावाने गाजलेला दोष उघडकीस आला, तो ओपनएसएसएल या प्रोग्राममध्ये होता. इंटरनेटवरील असंख्य बँका व दुकाने आपली गुपिते त्याच्या भरवशावर ठेवीत होती. तो दोष सर्वांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षे पडून होता. त्या प्रकल्पाकडे वर्षाकाठी येणारी देणगी सुमारे २००० डॉलर होती, आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच होता. तेथे कोणी लबाडी केलेली नव्हती. निव्वळ एक चूक राहून गेली होती. दार उघडे होते, पण आत कोणी डोकावलेच नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना जाग आली, आणि लिनक्स फाउंडेशनने अशा प्रकल्पांसाठी त्याच वर्षी एक निधी उभारला. तरीही दहा वर्षांनी एक्सझेड पुन्हा एकाच थकलेल्या माणसाच्या हाती सापडला.

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे. अपराध ज्याने केला तोच अपराधी, यात संशय नाही. परंतु तो ज्या वाटेने आला ती वाट आपण वापरणाऱ्यांनी मोकळी ठेवली होती. ‘मी थकलो आहे’ असे एक माणूस उघडपणे म्हणाला. त्याच्या श्रमावर जगातील श्रीमंत कंपन्या चालत होत्या. त्यांपैकी कोणी म्हणाले नाही की, आमचा एक माणूस आठवड्यातून एक दिवस तुमच्याकडे बसेल. खोटा मदतनीस आत येऊ शकला, कारण दारात खरा मदतनीस उभा नव्हता.

फुकट मिळाले त्याचे कसले ऋण, असा प्रश्न येथे कोणी विचारील. देणाऱ्याने अट घातली नाही, मग घेणाऱ्याने का बांधून घ्यावे? कायद्याने पाहता हे बरोबर आहे. किंबहुना त्या परवान्यांत स्पष्ट लिहिलेले असते की, ही वस्तू आहे तशी दिली आहे, हिची हमी नाही. पण हमी नाही असे लिहिणारा माणूस रात्री जागून ती वस्तू दुरुस्त करतो, तेव्हा कायद्याने मागितले त्याहून अधिक तो देत असतो. मग आपण मात्र कायद्याला लागते तेवढेच द्यावे काय? आमच्या मते, जो दाम मागत नाही त्याला सोबत तरी मिळाली पाहिजे.

या सोबतीत तपासणीही येते, हे विसरू नये. अर्पण मोजावयास दोघांनी बसावे, ही चांगली रीत आहे. ती खजिनदारावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याच्यावर कधी आळ येऊ नये, आणि मोहाच्या क्षणी तो एकटा सापडू नये म्हणून. मेंटेनरच्या शेजारी दुसरे डोळे असते, तर गठ्ठ्यात घातलेली ती ओळ कदाचित वेळीच दिसली असती. माणसावर विश्वास ठेवावा आणि काम तपासून घ्यावे. या दोहोंत विरोध आहे असे मानले म्हणजेच घोटाळा होतो.

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? प्रथम, अपडेट घेण्याचे थांबवू नये. विष आले ते अपडेटमधून, पण उतारा आला तोही अपडेटमधूनच. आणि जुने दोष तसेच ठेवणे म्हणजे फाटके छप्पर पावसाळ्यात तसेच ठेवणे होय. मात्र नवे ते सर्वांआधी आपल्यालाच हवे, हा हव्यास नको. त्या दोन आवृत्त्या चाचणीच्या व अगदी नव्या प्रणालींत शिरल्या होत्या. पारखून मगच पुढे देणाऱ्या डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत त्या पोहोचल्याच नव्हत्या. धीराने तेथे लोकांना वाचवले.

दुसरे, चूक दिसली तर ती सभ्यपणे कळवावी, आणि काम चांगले चालत असेल तर तेही एकदा कळवावे. आभाराचे पत्र अशा माणसांस फार थोडे येते. तिसरे, ज्यास जमेल त्याने हात लावावा. हे काम प्रोग्रामरांचेच आहे असे नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारखे मुक्त प्रोग्राम मराठीत दिसतात ते स्वयंसेवकांनी शब्दाला शब्द शोधून दिले म्हणून. चांगले मराठी जाणणाऱ्या शिक्षकास तेथे काम आहे. ज्यांची शाळा किंवा कचेरी अशा प्रोग्रामांवर चालते त्यांनी वर्षाकाठी थोडी देणगी पाठवावी. आणि ज्यांचा मुलगा वा मुलगी या व्यवसायात मोठ्या कंपनीत आहे, त्यांनी घरी एकदा विचारून पाहावे : तुमची कंपनी ज्यांचे फुकट घेते, त्यांना परत काय देते?

शेवटी, हे वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या आसपास एकदा पाहावे. वीस वर्षे एकटीच लहान मुलांचा वर्ग घेणारी शिक्षिका असेल, दर आठवड्यास हिशेब लिहिणारा वृद्ध गृहस्थ असेल. ‘थकलो’ हा शब्द त्यांच्या तोंडून आपण कधी ऐकला होता काय, आणि ऐकून काय उत्तर दिले होते? तगाद्याचे दिले असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन ‘मी काय करू?’ एवढे विचारावे.