सांडपाण्याला धनी हवा

शेरी नाल्याचे नाव काढले की सांगलीकर आधी चिडतो, मग हताश होतो. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी या नाल्याने कृष्णेकडे येते. दोष कुणाचा, यावर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती या नाल्यासाठी आखलेली योजना.

नाल्याचे पाणी नदीकाठीच अडवायचे, पंपांनी उचलून धुळगावला न्यायचे, तिथल्या तळ्यांत साठवून ठेवायचे आणि निवळल्यावर शेतीला द्यायचे, अशी ही योजना. अशा तळ्यांत शेवाळ उन्हाच्या जोरावर प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जिवाणू मैला कुजवून संपवतात. जागा भरपूर लागते, दिवसही लागतात. जागा नसेल तिथे टाकीत हवा फुंकून हेच जिवाणू काही तासांत कामाला लावता येतात. आर्डर्न आणि लॉकेट या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये ती रीत दाखवून दिली. तिला वीज मात्र अखंड हवी. धुळगावच्या तळ्यांना शुद्धीकरणासाठी वीज फारशी लागत नाही, पण तिथवर पाणी चढवायला लागतेच.

हा खटाटोप कशासाठी, हे एका हिशेबातून कळते. उन्हाळ्यात नदीच्या लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. शहरी मैलापाणी कुजताना लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू खाते. म्हणजे एक लिटर मैलापाणी नदीच्या पंचवीसेक लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. कोयनेचा विसर्ग कमी झाला, बंधाऱ्यामागे प्रवाह थांबला, की कृष्णेला हे सोसत नाही. मासे मरून वर येतात तेव्हा आपण दचकतो; नदीतला प्राणवायू मात्र त्याआधीच संपत आलेला असतो.

धुळगावचे काम रखडत गेले, पंप बंद पडत राहिले आणि प्रत्येक वेळी नाला पुन्हा नदीत उतरला. माझ्या मते यंत्रांच्या बिघाडाइतकेच याचे दुसरेही एक कारण आहे: सांडपाण्याला धनी नाही. नळाला पाणी आले नाही तर तासाभरात नगरसेवकाचा फोन खणखणतो. मैलापाण्याचा पंप थांबला तर शहरात कुणाचेच काही अडत नाही. जे अडते ते खालच्या गावांचे, आणि त्यांची मते या शहरात नसतात. कराडचे पाणी सांगलीकडे येते, सांगलीचे नरसोबावाडीकडे आणि पुढे कर्नाटकात जाते. कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील शहरांत देशात पहिले आले याचा मला मनापासून आनंद आहे, पण नदी पंप रोज चालला का तेवढेच पाहते.

म्हणूनच धुळगावच्या शेतात मला आशा दिसते. जिल्ह्याच्या पूर्वेला पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वणवण झाली आहे. ज्याची पाळी चुकेल, ज्याचा मका वाळेल, तो शेतकरी पंप बंद पडल्याचे कुणाच्याही आधी ओळखेल. नदी तक्रार करत नाही, तो करील.

अर्थात त्याच्या माथी घाण मारता कामा नये. कृष्णाकाठी अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आपण पाहतो आहोत. तिकडे तेच घडायला नको. पाण्याच्या क्षारांची आणि जंतूंची तपासणी नियमित व्हावी, निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. हे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये. आणि उपनगरांतल्या गुंठेवारीतले शोषखड्डे मुख्य वाहिनीला जोडल्याखेरीज धुळगावच्या तळ्यांपर्यंत पोचणारे पाणी हे शहराचे सगळे पाणी नव्हे, हेही मान्य करावे लागेल.

राज्यात २००५ पासून पाणी वापर संस्थांचा कायदा आहे. कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी त्याखाली संस्था करतात, ठरावीक कोटा मागतात. महापालिकेनेही धुळगावच्या शेतकऱ्यांशी तसाच लेखी करार करावा: रोज किती पाणी, कोणत्या प्रतीचे, आणि पुरवठा खंडला तर किती भरपाई. त्या भरपाईची तरतूद अर्थसंकल्पात पंपाच्या वीजबिलाशेजारीच असावी.