रोहिणीतलं वादळ

हे सावकाश वाचायचं आहे. जिथे परिच्छेद संपेल तिथे क्षणभर थांबा, श्वास आपोआप येऊ-जाऊ द्या, मग पुढे या. मनाला आज एका ठरावीक जागी आणि ठरावीक दिवशी नेऊन बसवायचं आहे.

जागा रायगड जिल्ह्यातली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातलं कुठलंही एक आगर घ्या. पुढे नारळी-पोफळी, मागे गोठा, मधे कौलारू घर आणि घराची पडवी. दिवस १ जून २०२०, सोमवार. रोहिणी नक्षत्र लागून आठवडा झाला आहे. टाळेबंदीने रस्ता ओस पडला आहे. समजा, वारा पडला आहे आणि झापं हलत नाहीत. केरळात मोसमी पाऊस पोहोचल्याची बातमी आजचीच. दुसरी बातमी अशी, की अरबी समुद्रात कालपासून कमी दाबाचं क्षेत्र आहे, ते आता आणखी तीव्र झालं आहे, त्याचं चक्रीवादळ होईल आणि ते उत्तरेकडे सरकेल. वादळाला अजून नाव मिळालेलं नाही. उद्या दुपारी मिळेल: निसर्ग.

पडवीत बसा. फोन हाताशी असू द्या, पण तूर्त उलटा ठेवा.

आधी नुसतं पाहा. पायरीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली आहे, तोंडात पांढरं काहीतरी आहे. आपण त्याला अंडी म्हणतो, पण त्यात पुष्कळदा अळ्या आणि कोष असतात. कावळा काटकी घेऊन आंब्यात शिरतो. दूर कुठेतरी पावशा ओरडतो आहे, सूर चढवत नेतो आणि मधेच तोडतो. विहिरीजवळ एक बेडूक बोलून गप्प झाला. गोठ्यात गाय बसलेली होती, ती आता उभी राहिली.

यातल्या प्रत्येक गोष्टीपाशी मनाला दोन प्रश्न विचारा. मी काय पाहिलं? आणि त्यावरून मी काय ठरवलं? मुंग्या पिल्लं हलवताना दिसल्या, हे पाहणं झालं. वादळ येणार म्हणून हलवत आहेत, हे ठरवणं झालं. गाय उभी राहिली, एवढंच दिसलं. तिला काहीतरी कळलं असावं, हे आपण मागून जोडलं. या दोहोंत एका श्वासाचं अंतर ठेवून बघा. ते ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण फोनमधली बातमी आपण आधीच वाचलेली आहे. भीती बसली की अंगणातलं सगळंच सूचक वाटू लागतं.

आता मागचे जून आठवा. ज्या वर्षी वादळ आलं नाही, त्या वर्षीही रोहिणीत मुंग्या अशाच चालत होत्या. कावळ्याची काटक्यांची ये-जा अशीच होती आणि पावशाही असाच ओरडत होता. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांच्या वागण्यावरून पाऊस ओळखण्याचं लोकज्ञान लिहून ठेवलं आहे. कावळ्याने आंब्यावर किंवा करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी, असं लोक मानत आले. ते खरं की खोटं, हा आजचा विषय नाही. ते ज्ञान हंगामाबद्दल बोलतं, चार महिन्यांबद्दल बोलतं. बुधवारी दुपारी कुठल्या गावावर वारा कोसळेल, याबद्दल त्याने कधी काही सांगितलेलं नाही. हंगामाची चाहूल वेगळी आणि वादळाची वेगळी. समोरच्या अंगणात आज बहुतेक पहिलीच दिसते आहे.

दुसरीही कुठेतरी असेल का? त्यासाठी लक्ष डोळ्यांवरून काढून अंगावर आणा.

आपल्याभोवती हवा आहे आणि तिला वजन आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. फरक असतो दोन-तीन हेक्टापास्कलांचा. एवढी भरती-ओहोटी रोज आपल्या अंगावरून जाते आणि कानाला तिची दाद नसते. शेकडो किलोमीटरांवरच्या वादळाने इथला दाब थोडासा उतरला, तर तो या रोजच्या हेलकाव्यातच मिसळून जातो. ‘निसर्ग’च्या केंद्रात दाब ९८४ हेक्टापास्कलांच्या आसपास उतरणार आहे, पण ते केंद्र अजून दूर आहे.

काही पाखरांना मात्र असा बदल जाणवतो. प्रयोगशाळेत कबुतरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे, की दाबातला अगदी थोडा फरकही ती ओळखतात. माणसाला ऐकू न येणारे फार खालच्या पट्टीतले आवाजही त्यांना ऐकू येतात. मोठी वादळं आणि खवळलेला समुद्र असे आवाज निर्माण करतात आणि ते खूप लांब जातात. २०१४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत असाच एक प्रकार नोंदला गेला. गोल्डन-विंग्ड वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी विणीच्या जागी नुकतेच पोहोचले होते. चक्री झंझावातांची मोठी रांग शेकडो किलोमीटर दूर असतानाच ते ती जागा सोडून निघाले आणि वादळं ओसरल्यावर परत आले. सगळा प्रवास पंधराशे किलोमीटरांहून अधिक. त्यांना काय ऐकू आलं, याबद्दल संशोधकांनी त्या खालच्या आवाजाचा तर्क केला. त्याआधी २००१मध्ये फ्लोरिडाच्या एका उथळ उपसागरातून ब्लॅकटिप जातीची शार्कची पिल्लं ‘गॅब्रिएल’ वादळ किनाऱ्याला लागण्याआधीच खोल पाण्याकडे निघून गेली होती. त्यांच्या अंगावर ट्रान्समीटर होते म्हणून हे कळलं. त्यांचं जाणं आणि दाबाचं उतरणं एकाच वेळेचं होतं.

म्हणजे जाणवतं. याबद्दल आदर वाटू द्या, पण लगेच पुढे जाऊ नका. ‘प्राण्यांना सगळं आधी कळतं’ या वाक्याची ओढ फार असते.

जपानच्या आवाशिमा बेटावरच्या स्ट्रीक्ड शिअरवॉटर या समुद्री पक्ष्यांवर संशोधकांनी कित्येक वर्षं जीपीएस लावून नोंदी केल्या. टायफून, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, येताना त्यांतले काही पक्षी पळून जात नाहीत, उलट वादळाच्या डोळ्याच्या, म्हणजे केंद्राच्या, दिशेने उडतात, हे त्यांत दिसलं. काही तर डोळ्यापासून तीस किलोमीटरांच्या आत पोहोचले होते. जमीन एका बाजूला आणि जोराचा वारा दुसऱ्या बाजूला अशी कोंडी झाली की जमिनीवर फेकलं जाण्यापेक्षा वादळात शिरणं या पक्ष्याला परवडतं. एक पाखरू वादळापासून दूर जातं, दुसरं वादळात जातं, आणि दोन्ही शहाणी आहेत. प्रत्येक जीव आपल्या देहाला काय झेपेल तेवढंच जाणतो. आपल्या कोकणातही पावसाळ्यात आणि वादळांनंतर खोल समुद्रावर राहणारे मास्क्ड बुबी, नॉडी, फ्रिगेट पक्षी थकून, भेलकांडत किनाऱ्यावर येऊन पडतात. उभा जन्म समुद्रावर काढलेल्या पाखरांचाही अंदाज चुकतो.

यावर थोडं थांबा. त्यांची जाण खरी आहे आणि तिला मर्यादा आहे, ही दोन्ही वाक्यं मनात एकत्र राहू देत.

आता फोन सुलटा करा.

हवामान खात्याचं पत्रक वाचताना आपण आधी एकच गोष्ट शोधतो: आपल्या गावाचं नाव. ते मिळालं नाही की सुटल्यासारखं वाटतं, मिळालं की पोटात गोळा येतो. आज तसं वाचू नका. १ जूनला सांगितलं गेलं ते असं, की वादळ ३ तारखेला संध्याकाळी किंवा रात्री हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल. नकाशा डोळ्यांपुढे आणा. हरिहरेश्वर खाली, दमण वर. मधला किनारा अडीचशे किलोमीटरांच्या घरातला. त्यात मुरूड आहे, अलिबाग आहे, अख्खी मुंबई आहे, वसई, पालघर, डहाणू आहे. ‘यांना नक्की ठिकाणही सांगता येत नाही’ असं मनात येईल. येऊ द्या. मग पाहा, की या अडीचशे किलोमीटरांत किती माणसांचं काम सामावलं आहे. उपग्रहांनी टिपलेले ढग, जहाजांनी आणि समुद्रातल्या बोयांनी कळवलेले वारे, किनाऱ्यावरचे रडार, संगणकातली अनेक प्रारूपं आणि ती एकमेकांशी पडताळणारी माणसं. एवढं सगळं करून त्यांनी स्वतःला जितकं ठाऊक आहे तितकंच सांगितलं. तीन दिवस आधीच्या अंदाजात शंभराहून जास्त किलोमीटरांचा फरक पडू शकतो. दिवसभर आधी तो पुष्कळ कमी होतो. नकाशावरचा पट्टा रुंद ठेवणं हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

मंगळवार आला. त्या पट्ट्यातून अलिबागचं नाव पुढे आलं. रंग बदलले. चक्रीवादळाच्या सूचनेत पिवळ्यानंतर केशरी येतो, मग लाल. बंदरावर बावटा चढला, होड्या वर ओढल्या गेल्या. किनाऱ्यावर उभं राहून आता लाटा ऐका. एक फुटली, दुसरी येईपर्यंत किती श्वास झाले? लांब पल्ल्याच्या लाटा वादळाच्या पुढे धावतात, म्हणून दोन लाटांमधला अवकाश वाढतो. पण जूनच्या समुद्राला एरवीही उधाण असतंच, हेही विसरू नका. तोच प्रश्न पुन्हा विचारा: काय ऐकलं आणि काय ठरवलं?

इथवर आलात, तर एक फरक आपोआप वर आला असेल. मुंगी कोणाला काही सांगत नव्हती. पाखरू उडून गेलं ते स्वतःसाठी, आपल्याला इशारा म्हणून नव्हे. त्यांच्या वागण्याकडे लक्ष देणं चांगलं, त्याने नजर सूक्ष्म होते. तरी त्यांनी आपल्यावर कसलीही जबाबदारी घेतलेली नाही. पत्रक मात्र आपल्याला उद्देशून लिहिलेलं आहे. कोणीतरी रात्र जागून ते तुमच्या गावासाठी काढलं आहे. जे आपल्याला उद्देशून आहे ते न ऐकता, जे नाही त्यात इशारे शोधत बसणं, ही माणसाची जुनी खोड आहे.

या फरकाची किंमत ओडिशाने मोजली आहे. २९ ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. लाखो गुरं गेली. गुरांना आधी कळतं असं आपण म्हणतो. कळलं असेलही. पण समुद्र आत शिरल्यावर ती जाणार कुठे? वीस वर्षांनी, मे २०१९मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फनी’ आलं, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. पाखरं तीच होती, मुंग्या त्याच होत्या. बदललं ते माणसाने माणसाला वेळेवर सांगणं, आणि सांगितलेलं ऐकणं.

आता शेवटचा टप्पा. पडवीतून उठा आणि गोठ्यात जा.

गाय उभी आहे. कान हलत आहेत. तिला काय जाणवतं आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही. तिच्या गळ्यात दावं आहे, दावं खुंट्याला आहे. मुंगी हलू शकते, पाखरू उडू शकतं, माणूस पत्रक वाचून शाळेच्या पक्क्या इमारतीत जाऊ शकतो. पोफळ हलू शकत नाही. ‘निसर्ग’ने या पट्ट्यातली आगरंच्या आगरं आडवी केली. कुठलाही अंदाज त्यांना वाचवू शकला नसता, आणि नवी पोफळ फळाला यायला वर्षं जातात. गाय या दोहोंच्या मधे आहे. तिला पाय आहेत, पण ती आपल्या गाठीने बांधलेली आहे. बातमी आपल्याकडे आणि गाठही आपल्याच हातची.

इथे थांबा, उभ्याउभ्याच. मन कारणं सांगेल. सोडली तर दुसऱ्याच्या आगरात शिरेल, हरवेल, परत मिळणार नाही. ही भीती खोटी नाही. ज्याचं घर दुधावर चालतं त्याला ती असणारच. तिला नाव ठेवू नका, नुसती ऐकून घ्या. मग दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा: कौलं उडाली, भिंत खचली, माड गोठ्यावर आला, आणि गाय खुंट्याभोवती फिरते आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनांत माणसांसाठीच्या ओळींमागोमाग एक ओळ असते, की जनावरांना बांधून ठेवू नका. उंचावर पक्की जागा असेल तर तिथे न्या, झाडाखाली ठेवू नका, नेता येत नसेल तर मोकळं सोडा. वाचताना ती ओळ सहज मागे राहते.

आणि वेळेचा विचार करा. पहिल्या अंदाजात संध्याकाळ किंवा रात्र होती. वादळ बुधवारी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरांच्या वाऱ्यात गोठ्यापर्यंतची वीस पावलंही माणसाला चालवत नाहीत. अंदाजाला किलोमीटरांची चूक असते तशी तासांचीही असते, आणि ती चूक आपल्या पदरात पडेल असंच धरून चालावं. म्हणून केशरी रंग दिसला की, उजेड आहे आणि वारा अजून पडलेला आहे तोवर, गाठ सोडायची. मग शेजारच्या गोठ्यात कोणी आहे का ते पाहायचं, आणि त्यानंतर आपण निवाऱ्याकडे निघायचं.